पान एकशे बेचाळीस

"हे कुणी केलं?"

सकाळी अकरा वाजता, त्या दिवसाचा पेपर हातात गुंडाळून ती कचेरीतल्या, छपाईसाठी पानं लावणाऱ्यांच्या खोलीत शिरली, तेव्हा तिथे एकच माणूस होता. खिडकीशी उभा राहून चहा पीत होता. तिच्या आवाजाने तो इतका दचकला, की अर्धा चहा शर्टावर सांडला.

अकरा वर्षं ती या पेपरात दर शुक्रवारी चित्रपटांवर लिहीत होती. कचेरीत तिला फटकळबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. भीडभाड नाही, कुणाचं मिंधेपण नाही. काल तिने एका बड्या निर्मात्याच्या चित्रपटाला दीड तारा दिला होता आणि शेवटी लिहिलं होतं, 'नायिका अडीच तास मार खाते, आणि याला प्रेम म्हणा असा आग्रह आहे.' आज छापून आले होते चार तारे. तिचं वाक्य गायब. त्या जागी — 'सहकुटुंब पाहावा असा गोड प्रेमपट'. आणि वर तिचंच नाव!

"मी केलं," तो म्हणाला. "संपादकांनी सांगितलं... मी केलं."

सबबी ऐकायच्या तयारीने आलेली ती क्षणभर अडखळली. पण क्षणभरच. "लाज नाही वाटली?"

"वाटली. पण लाज वाटून पान थांबत नाही, बाई."

"एक फोन करता आला असता!"

"आला असता," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले. चांगले मोठे होते कान. पानं लावतो म्हणून सगळे त्याला पानवाला म्हणत. तिने आजवर त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

तिथून ती तडक संपादकांकडे गेली. ते हसले. "अगं, एवढं काय मनावर घेतेस? सोमवारपर्यंत कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

रविवारी एका अनोळखी बाईंचा फोन आला. "तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून लेकीला घेऊन गेले हो. बाहेर आल्यावर ती विचारते, आई, बाबा तुला मारायचे ते पण प्रेमच होतं का? आता तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?"

सोमवारी तिने राजीनामा संपादकांच्या टेबलावर ठेवला. आपटला, म्हणणं जास्त खरं.

"बरं केलंस," मावशी म्हणाली. त्या दोघीच एका घरात राहत. "पण आता हा राग भांड्यांवर काढू नकोस. कालपासून दोन कप फुटलेत. कागदावर काढ."

तिने काढला. वर्षभर काढला. कादंबरी झाली ती एका चित्रपट समीक्षक बाईची, तिच्या संपादकाची आणि पानं लावणाऱ्या एका भित्र्या माणसाची. एका प्रकाशकांनी ती घेतली, आणि महिन्याभराने एका दुपारी फोन वाजला.

"पान एकशे बेचाळीस," पलीकडचा आवाज म्हणाला. "माझे कान लोंबतात?"

ती हळूच म्हणाली, "तुम्ही...?"

"पेपर सोडला मी. हल्ली पुस्तकांची पानं लावतो. तुमचं माझ्याकडे आलंय. 'लोंबत्या कानांचा, लिबलिबीत माणूस'! वाचून दोनदा आरशात बघून आलो."

"नोकरी का सोडलीत?"

"तुमच्यानंतर तारे आधीच ठरून येऊ लागले, लेख मागून. दोन महिने काढले... मग नाही जमलं."

छपाईपूर्वीचे कागद तपासायला ती दोघं रोज दुपारी छापखान्यासमोरच्या चहाच्या दुकानात बसू लागली. काम आठवड्याभराचं होतं. सहा आठवडे चाललं.

"हे 'लिबलिबीत' म्हणजे नेमकं काय हो?" एकदा त्याने विचारलं.

"हात पुढे करा."

त्याने केला. तिने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तळवा दाबून पाहिला, उगीचच जरा जास्त वेळ. "अं... इतकेही नाही."

"मग खोडा ना!"

"मुळीच नाही."

तो वाचताना आवाज न करता हसायचा. नुसते खांदे हलायचे. कुठल्या वाक्याला हलले, हे ती कपाच्या आडून बघत बसायची. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या कामाला गुण देणारी ती, आता एका माणसाच्या खांद्यांकडे डोळे लावून होती. याचाही तिला रागच यायचा.

आणि मग एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज निराळा होता. "ताबडतोब प्रकाशकांकडे या. सातवं प्रकरण काढून टाकायला सांगितलंय. तुम्हाला न कळवता."

सातवं प्रकरण म्हणजे ताऱ्यांचं. पुस्तकाचा जीवच.

ती पोचली तेव्हा तो जिन्यात उभा होता. "तुम्ही वर येऊ नका," ती म्हणाली. "तुमचं काम जाईल."

"गेलंच. मघाशीच 'नाही' सांगून आलोय."

प्रकाशकांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"ताई, तुमचे ते संपादक माझे जुने स्नेही. उद्या त्यांच्याच पेपरात माझ्या पुस्तकांवर लिहून यायचंय ना? एकच तर प्रकरण आहे."

"त्यांनीही एकच वाक्य काढलं होतं," ती म्हणाली. "माझ्या नावावर तुम्हाला जे हवं ते छापायला मी काय मेलेय? कादंबरी परत द्या. आत्ता. माझ्यासमोर."

ती कादंबरी पुढे एका प्रकाशिकाबाईंनी सातव्या प्रकरणासकट काढली. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक होतं? त्या दिवशी ती दोघं फुटपाथवर उभी होती, तिच्या हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा, दोघांनाही उद्याचं काम नाही, आणि तो — हसत होता.

"हसताय काय? मला इतका संताप आलाय!"

"माझ्यावर?"

"सगळ्यांवर! त्यांच्यावर, त्या स्नेह्यावर... आणि तुझ्यावरसुद्धा!"

ते 'तुझ्यावर' तिच्या तोंडातून निसटलं आणि दोघंही थबकली.

"माझ्यावर का?" त्याने सावकाश विचारलं.

"सहा आठवडे! रोज समोर बसून स्वल्पविरामांवर बोलतोस. एक साधं वाक्य बोलता येत नाही तुला?"

"भितो ना मी. तुम्हीच लिहिलंय."

"ते मी बदलणार नाही, सांगून ठेवते."

"नका बदलू. तेव्हा मी भित्राच होतो." त्याने गठ्ठ्याची एक बाजू धरली. "पण आज एकदा 'नाही' म्हणून बघितलं, तर जीभ सुटलीय जरा. मला तुम्ही आवडता. चिडलात म्हणजे तर... फारच."

रस्त्यावरून एक बस खडखडत गेली. गठ्ठा तिने ओढून घेतला नाही.

"तू म्हण," अखेर ती म्हणाली, अजून कपाळाला आठ्या घालूनच. "आणि घरी चल. मावशीला सांगायचंय. ती म्हणेल, इतका उशीर का लावलात."