चौथा नंबर

सुप्याच्या बस थांब्यावर तो माणूस एकटाच बोलत होता. गळ्यात पांढरा पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना दोन चिमुकले पंखे, आणि ऐन डिसेंबरच्या गारठ्यात ते दोन्ही गरगरत होते. मोबाईल तोंडाशी धरून तो गंभीरपणे सांगत होता, "वारा लागतो... पण केसही ओढतो. उन्हाळ्यात घ्यावा की नाही, हे थंडीत सांगणं अवघड आहे."

धनश्री कारखान्यातली सकाळची पाळी संपवून, ओढणीत नाक खुपसून उभी होती. तिने खूप दाबलं, पण शेवटी फिस्सकन हसू फुटलंच. त्याने वळून पाहिलं. मागे डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या आणि गळ्यातले पंखेही फिरत होते, त्यामुळे तिला आणखीच हसू आलं.

"तुमचं हसू रेकॉर्ड झालंय," तो म्हणाला. "काढून टाकू... की राहू दे?"

"पंख्यापेक्षा बरं वाजत असेल तर राहू द्या."

बोलून गेली, आणि मग कान तापले. बस आली म्हणून निभावलं.

त्याचं नाव अमृत. केडगावात मोबाईल दुरुस्तीचा गाळा होता, आणि 'वापरून सांगतो' नावाचं एक चॅनेल. जगात रोज नवी वस्तू निघते आणि त्या सगळ्या आपल्यालाच तपासून पाहायच्या आहेत, अशी या माणसाची पक्की समजूत होती. नियम मात्र एकच आणि कडक, की महिनाभर वापरल्याशिवाय मत द्यायचं नाही. धनश्री बसमध्ये त्याचे व्हिडिओ बघू लागली. मनगटावरचं घड्याळ माणूस ट्रॅक्टरवर बसला तरी 'छान चाललात' म्हणून शाबासकी देतं, असं तो सांगे. नकाशा रस्ता दाखवता दाखवता बंधाऱ्यात नेऊन उभा करतो. हुकूम ऐकणाऱ्या स्पीकरला शुद्ध बोललेलं कळतं, पण आईने "लाव की रं गाणं" म्हटलं की तो मुका होतो. पंख्याचाही व्हिडिओ आला. त्यात तिचं हसू होतं, जसंच्या तसं. तिने तो कितीदा पाहिला हे विचारू नये.

धनश्रीचं घर राळेगणच्या अलीकडच्या वस्तीवर. वडील सहादेव, ज्यांना ती अण्णा म्हणे, कांद्याला पाणी देण्यापायी लाईटच्या मागे धावून थकले होते. शेतीची लाईट येणार कधी आणि जाणार कधी याचा भरवसा नाही, आणि विहीर पडली लांब. म्हणून तिने व्हिडिओखाली विचारलं की मोबाईलवर चालणारा मोटरचा स्टार्टर चांगला असतो का. उत्तर आलं, 'वापरून सांगतो. तुमच्याच विहिरीवर वापरू का?'

आणि तो खरंच आला. विहिरीवर पेटी बसवली, पेटीत सिमकार्ड घातलं. लाईट आली की ही पेटी घरच्यांना एकामागून एक फोन करणार आणि मोटर सुरू झाली की पुन्हा करणार. पहिला नंबर अण्णांचा, कारण ते मालक. दुसरा आईचा, म्हणजे रतनबाईंचा. तिसरा धनश्रीचा. चौथा अमृतने स्वतःचा घातला, महिनाभराच्या परीक्षेपुरता. नंबर चढवायचा काय, उतरवायचा काय, मालकाच्या फोनवरून मेसेज केला तरच होतं. ते त्याने अण्णांना नीट शिकवलं आणि अण्णांनीही घोकून ठेवलं.

पाळीवरून सुटली की धनश्री बसमधूनच पेटीला फोन लावून मोटर सुरू करी. तिकडे केडगावात अमृतचा फोन वाजे. मग त्याचा मेसेज यायचा.

'आज मोटर उशिरा. बस चुकली?'

'ही चौकशी मोटरची आहे की माझी?'

'मोटर रोज बोलते. तुम्ही बोलत नाही, म्हणून विचारलं.'

कांद्याला त्या महिन्यात कधी नव्हे इतकं वेळेवर पाणी मिळालं. महिना भरला तसा तो आला, चहा प्याला, अण्णांच्या देखत त्यांच्या फोनवरून आपला नंबर उतरवला आणि मत देऊन टाकलं की स्टार्टर भरवशाचा आहे, फक्त फोनवर बोलणाऱ्या बाई जरा कोरड्या आहेत. आणखी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली आणि तिला कुणी काही विचारलं नाही. धनश्रीने त्या रात्री ताट तसंच सारलं.

त्याच्या पुढच्या सकाळी अण्णा अंघोळीला गेले असताना तिने त्यांचा फोन उचलला आणि चौथा नंबर परत चढवला. संध्याकाळी मोटर लावली आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. रोज मोटर लागे, रोज त्याला फोन जाई, आणि तो रागवत नव्हता, विचारत नव्हता, की नंबर काढा म्हणत नव्हता. माणसाच्या मनात आहे तरी काय? या प्रश्नाने तिचा जीव टांगणीला लागला.

त्यातच चाकणच्या कंपनीतल्या हर्षलचं स्थळ आलं. बघायला येणार रविवारी, आणि पसंत पडली तर तिथेच सुपारी फोडायची, असं अण्णांचं ठरलं. तिने आईकडे आडून आडून अमृतचं नाव काढलं, ते अण्णांच्या कानावर गेलं. अण्णा एवढंच म्हणाले, "पोरगं गुनी हाय. पन गाळ्यावर संसार व्हत न्हाई."

शनिवारी दुपारी तिने अमृतला लिहिलं, 'उद्या पाहुणे येणार आहेत. मला बघायला.' खुणा निळ्या झाल्या. वर 'टायपिंग' दिसू लागलं... थांबलं... पुन्हा दिसलं... आणि गेलं. एवढी यंत्रं करणाऱ्यांना खोडलेलं वाचायची सोय करता आली नाही का, असं तिला वाटलं. उत्तर आलंच नाही.

रविवारी पाहुणे बसले. हर्षल सरळ, हसतमुख मुलगा होता. त्याच्यावर चिडायलाही जागा नव्हती. धनश्रीने चहा दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तोच अंगणात मोटारसायकल थांबली. अमृत आत आला. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"स्टार्टर... जरा बघायचा होता, काका."

"आज?" अण्णांच्या कपाळावर आठी पडली. पण पाहुण्यांसमोर काय बोलणार. "या, बसा. चा घ्या."

तो पलंगाच्या कडेला बसला. तिच्याकडे त्याने एकदाच पाहिलं. तेवढ्यात शेतातली लाईट आली. अण्णांचा फोन वाजला. अण्णांना कौतुक दाखवायची संधी मिळाली. त्यांनी स्पीकर लावून फोन पाहुण्यांपुढे धरला.

"नमस्कार. आपल्या शेतातील वीज आली आहे."

"बघा," अण्णा म्हणाले, "आता घरात समद्यांना सांगतीय ती."

आत चुलीजवळ रतनबाईंचा फोन वाजला. पाहुणे हसले. धनश्री मनात मोजू लागली. आईनंतर ती. तिच्यानंतर...

फळीवरचा तिचा फोन वाजू लागला. तिने तो उचलला नाही. तिने अमृतकडे पाहिलं आणि डोळ्यांनी विनवलं, बंद करा, खिशातच बंद करा. त्याला कळलं. त्याचा हात खिशात गेला. एक बटण दाबलं असतं तर सगळं निभावलं असतं; तेवढी यंत्रविद्या तर शेंबड्या पोरालाही येते. त्याने फोन बाहेर काढला आणि टीपॉयवर, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

तिचा फोन थांबला. मग टीपॉय थरथरलं. अमृतने स्पीकर लावला.

"नमस्कार. आपल्या शेतातील वीज आली आहे."

अण्णांनी त्या फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुमचा नंबर तर तुमी माझ्या म्होरं काढला हुता."

"काढला होता."

"मी परत घातला, अण्णा," धनश्री म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तुमच्या फोनवरून. त्यांना माहीत नव्हतं."

"पहिला फोन आला तेव्हाच कळलं," अमृत म्हणाला. "महिनाभर वापरल्याशिवाय मी मत देत नाही, काका. नंबर परत आला त्याला काल महिना झाला. काल लिहायला बसलो होतो... पण हे लिहून सांगायचं नव्हतं. तुमच्यासमोर सांगायचं होतं."

अण्णांनी आधी पोरीकडे पाहिलं. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "मंग काय मत झालं?"

अमृत तिच्याकडे बघून म्हणाला, "हा फोन मला कायम यावा, असं वाटतं."

हर्षलनेच कप खाली ठेवला आणि वडिलांना निघू या म्हटलं. दारात चपला घालताना तो अमृतला म्हणाला, "स्टार्टर खरंच भरवशाचा दिसतोय." बोलण्यात विष नव्हतं, आणि धनश्रीला त्याच्याबद्दल फार बरं वाटलं.

पाहुणे गेले. अण्णांनी पागोटं नीट केलं, आपला फोन खिशात घातला आणि अमृतला म्हणाले, "चला विहिरीवर." अमृत मुकाट्याने मागे गेला. एरवी झोपेतही मोबाईल न सोडणारा माणूस, पण फोन टीपॉयवरच विसरला.

दारातून दोघं दिसत होते. विहिरीपाशी अण्णांनी खिशातून फोन काढला, लांब धरला आणि एका बोटाने सावकाश काहीतरी दाबू लागले. नंबर उतरवायला अण्णांना आता कुणाची गरज नव्हती, शिकवणारा गुरू शेजारीच हात बांधून उभा होता. अण्णांनी फोन कानाला लावला, मग खाली घेतला.

लांबून मोटरीची घरघर ऐकू आली. आईचा फोन वाजला, थांबला. फळीवरचा तिचा फोन वाजला आणि थांबला. धनश्री टीपॉयकडे बघत उभी राहिली. क्षण गेला. दुसरा गेला. इतका उशीर कधी लागतो का... तिचे डोळे भरून आले, टीपॉय धूसर दिसू लागलं.

आणि टीपॉय थरथरलं.

"उचल की," आई पाठीमागून म्हणाली. "तुझ्या बानंच लावलीय मोटर."

तिने अमृतचा फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. त्या कोरड्या बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "नमस्कार. आपली मोटर सुरू झाली आहे."

आजवर त्या बाईंना कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं. धनश्रीने दिलं.

"हो," ती म्हणाली. "कळलं."