जावळाची घोंगडी

दुपारी तीनच्या सुमारास भवानी पेठेत श्रीमंतराव बिराजदारांच्या दारात टांगा थांबला. धान्याच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या पत्नी गंगम्मा घाईनं आत आल्या. मागून टांगेवाल्यानं एक काळी घोंगडी आणून बैठकीवर ठेवली.

श्रीमंतराव पोलिसातली नोकरी सोडून आता खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे मित्र ज्ञानबा मास्तर नेहमीप्रमाणे शेजारी पान लावत बसले होते.

"हिच्यावर हात फिरवा," गंगम्मा म्हणाल्या.

श्रीमंतरावांनी हात फिरवला. "नवी आहे. पण खरखरीत."

"तेच सांगायला आले. सकाळी मी पसंत केली ती ही नव्हे."

संक्रांतीच्या जत्रेला जोडून हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. गंगम्मा सकाळपासून तिथं रमल्या होत्या.

"दुकानात नुसती वस्तू मिळते, श्रीमंतराव. तिथं ती करणारा माणूस समोर बसलेला असतो. पोळपाट उचलला तर सुतार झाडाची गोष्ट सांगतो. घोंगडीवाल्या बनाबाईनं मला घोंगडीची सांगितली. काळ्या कोकरांची पहिली कातरण, जावळ म्हणतात तिला. तीन वर्षं साठवली, स्वतः कातली, नवऱ्यानं विणली. इतकी मऊ, की मी हात काढेना. 'बाजूला ठेवा' म्हणून जेवायला घरी गेले. दोनला परत आले, तर तिच्या जागी ही."

"बनाबाई काय म्हणते?"

"तिनंच आधी सांगितलं, ही माझी न्हाय म्हणून. पण प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे लोक म्हणतात, खरी दाखवायची आणि खोटी गळ्यात मारायची, असा तिचा डाव. पाच वाजता बैठक आहे. तिला काढून टाकणार. तिच्या मागे गावातल्या बारा घरच्या बायका कातायला बसतात. त्या सगळ्यांवरच ठपका येईल."

श्रीमंतरावांनी तांब्यातलं पाणी घोंगडीवर शिंपडून वरून पांढरा रुमाल दाबला. रुमालावर काळा डाग उमटला. मग त्यांनी एक धागा उपसून मास्तरांपुढे धरला.

"पीळ कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे," मास्तर निरखून म्हणाले.

"लक्षात ठेवा. चला."

प्रदर्शनाच्या मंडपाला एकच दार होतं. तिथं गुंडा नावाचा राखणदार उभा होता. त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढून बाकावर अंथरलं.

"बसा साहेब. दुपारी गिऱ्हाइकाला दार बंद हुतं. दुकानवालेच ये-जा करत हुते. भाईर जाणाऱ्याचं गठुडं, पिशवी, टोपली, समदं मी उघडून बगतो. घोंगडी न्हाय गेली."

आत बनाबाई डाव्या हातानं चाती फिरवत लोकर कातत होती. तिचा नवरा धुळाप्पा गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"हात रिकामा ठिवला की जीव घाबरतोय," ती म्हणाली.

"दुपारी कुठं होता तुम्ही?"

"मागं लिंबाखाली, भाकरी खायाला. कारकून सिद्धनाथच म्हणाला, 'जावा मावशी, मी हाय की.' लई गुणाचा. रोज जेऊरहून पहाटंच्या गाडीनं येतोय. आज तर धुक्यात भिजून, घोंगडं लपेटून कुडकुडत आला, तरी आदी आमाला च्या दिला."

शेजारचं दुकान मल्लप्पा चादरीवाल्याचं होतं. त्याची बोटं रंगानं माखलेली होती.

"प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस तिलाच मिळणार, म्हणून मला राग होता. खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण मी जागेवरून हललो नाही. तिकडं पाठ करून चादरींच्या घड्या घालत होतो. कोण आलं, कोण गेलं, मला ठाऊक नाही."

दुकानातून बाहेर येताच मास्तर कुजबुजले, "बोटं पाहिलीत ना? आणि रुमालावरचा रंग?"

"बोटं लाल आणि निळी होती, मास्तर."

कारकून सिद्धनाथ मंडपातल्याच कार्यालयाच्या टेबलाशी घाम पुसत उभा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट अंगात होता.

"मी एकपर्यंत इथंच होतो," तो अदबीनं म्हणाला. "मग स्टेशनजवळच्या खानावळीत जेवायला गेलो. हातात काही नव्हतं, गुंडाला विचारा. बिचारीवर फार वाईट वेळ आली."

"उकडतंय. कोट काढा की."

"नको. सवय आहे."

"संध्याकाळच्या गाडीनं परत जेऊरला?"

"हो."

श्रीमंतराव बाहेर आले. एक चिठ्ठी लिहून त्यांनी गंगम्मांच्या टांगेवाल्याला दिली आणि टांगा भरधाव निघून गेला.

पाच वाजता मंडळाचे अध्यक्ष खुर्चीवर बसले. मल्लप्पासह चार दुकानवाले, गंगम्मा आणि बनाबाई-धुळाप्पा समोर होते; सिद्धनाथ आणि गुंडा बाजूला उभे होते. श्रीमंतरावांनी काळी घोंगडी टेबलावर पसरली.

"काळ्या मेंढीची लोकर जन्मतःच काळी असते. तिचा रंग पाण्यानं जात नाही. हिचा गेला. म्हणजे ही साधी लोकर रंगवून केलेली नक्कल. दुसरं असं, की बनाबाई डावखुऱ्या आहेत. त्यांची चाती उलटी फिरते, म्हणून धाग्याला पीळ डावा बसतो. हिचा पीळ उजवा. हा धागा त्यांच्या हातचा नाही."

"तिनं दुसऱ्या कुणाकडून आणली असेल," अध्यक्ष म्हणाले.

"मग खरी कुठं आहे? त्यांच्या दुकानात नाही, आणि गुंडानं बाहेर जाऊ दिली नाही. गुंडा, कोणी बाहेर जाताना अंगावर घोंगडं होतं का?"

गुंडा गोंधळला. "घोंगडं काय, समद्यांच्याच खांद्यावर असतंय की."

"म्हणूनच ते तुला दिसलं नाही. चोर नक्कल पांघरून आत आला आणि खरी खांद्यावर टाकून निघून गेला. गाठोडं लागलंच नाही." श्रीमंतराव वळले. "सिद्धनाथ, तुम्ही पहाटे घोंगडं लपेटून आलात. आता थंडीतून परत जेऊरला जायचंय. ते घोंगडं कुठं आहे?"

सिद्धनाथनं घाम पुसला. "खानावळीत विसरलो."

"असेल. पहाटे धुकं होतं. भिजलेल्या नकलेचा रंग सदऱ्याला लागला. इथं घर नाही, म्हणून सदरा बदलता आला नाही. कार्यालयातला कोट तेवढा चढवता आला. भर उन्हात अंगात ठेवलाय तो. आता काढा."

तो हलेना. शेवटी अध्यक्षांनीच फर्मावलं. कोट उतरला. पांढऱ्या सदऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर काळे डाग पसरले होते.

तेवढ्यात टांगेवाला आत आला. "खानावळवाल्यानं तुमची चिठ्ठी वाचून ही दिली, साहेब. कारकुनानं संध्याकाळपर्यंत ठेवायला सांगितली होती म्हणे."

त्याच्या हातात काळीभोर घोंगडी होती. गंगम्मांनी डोळे मिटून तिच्यावर हात फिरवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. श्रीमंतरावांनी वर पाणी ओतलं. थेंब मण्यांसारखे घरंगळून गेले. रुमाल कोरा राहिला.

"मास्तर, पीळ?"

मास्तरांनी धागा डोळ्यांजवळ नेला. "डावा," ते म्हणाले, आणि वर्गात म्हणावं तसं खणखणीत आवाजात पुन्हा म्हणाले, "डावा."

मग सिद्धनाथनं सगळं सांगितलं. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं त्याला दुकानात नोकरी कबूल केली होती. त्या व्यापाऱ्याला ही वीण नमुन्यासाठी हवी होती. तशी नक्कल यंत्रावर काढून हातविणीची म्हणून खपवायचा त्याचा बेत होता. आजची ही रंगवलेली नक्कलही त्यानंच पाठवली होती.

"मावशी, माझं चुकलं," तो पुटपुटला.

बनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "मागितली असतीस तर वीण शिकवली असती रं," ती म्हणाली, आणि तिनं तोंड फिरवलं.

अध्यक्ष उठले. त्यांनी सगळ्यांसमोर बनाबाईची माफी मागितली. पहिल्या बक्षिसाचा निर्णय तिथल्या तिथं झाला. मल्लप्पानंच आधी टाळी वाजवली. बातमी मंडपाबाहेर गेली होती. दार उघडताच माणसं आत लोटली आणि बनाबाईच्या दुकानाभोवती उभं राहायला जागा उरली नाही. गंगम्मांनी आपली घोंगडी छातीशी धरली आणि बनाबाईच्या गावातल्या बारा घरांसाठी बारा घोंगड्यांचं काम सांगून टाकलं.

अध्यक्षांनी प्रशस्तिपत्र लिहिलं आणि वाचायला घेतलं. "सौभाग्यवती बनाबाई धुळाप्पा..."

"जरा मोठ्यानं वाचा की साहेब," बनाबाई म्हणाली. "आमच्या धन्याला कमी ऐकू येतंय."

अध्यक्षांनी आवाज चढवून पुन्हा वाचलं. धुळाप्पानं गुडघ्यांतून मान वर काढली, बायकोकडं बघितलं, आणि डोक्यावरचा पटका सारखा करत तो ताठ उभा राहिला.