मागची सीट

मोटारसायकल माणूस कशासाठी घेतो, यावरून तुम्ही दोघांनी मघापासून डोकं उठवलंय. रघू म्हणतो, ऐट मारायला. चिंधू म्हणतो, वारा खायला. वारा खायला गच्चीवर जा की! लाइट येऊन कापडाचे लूम सुरू व्हायला अजून तासभर आहे, तोवर गप बसा आणि ऐका. हिरामणाने गाडी रागाने घेतली होती. निव्वळ रागाने. तो माझ्या शेजारच्याच लूमवर होता, त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो.

गेल्या साली, म्हणजे सत्त्याहत्तर साली, दहा डिसेंबरला. शनिवार होता, कार्तिकातली अमावास्या. संध्याकाळी सहाला ड्युटी सुटली आणि हिरामण भिवंडीतच धामणकर नाक्यावर सीटवाल्याकडे गेला. त्याच्या जुन्या राजदूतच्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं, ते नवं घालून घ्यायचं होतं. सीटवाल्याने जुनं कव्हर उसवलं, आत हात घालून पाहिलं आणि विचारलं, "भाई, पीछे कौन बैठता है?"

"कोई नहीं. आज तक किसी को बिठाया नहीं."

"मजाक मत करो. बाईं तरफ की स्प्रिंग पूरी दब गई है. औरत बैठे तो ऐसे ही दबती है."

हिरामण त्याच्यावर वसकन ओरडला, "तुम अपना काम करो." सीटवाल्याने मान खाली घालून नवं रेक्झिन ठोकलं. पण हिरामणाचं डोकं तापलं ते तापलंच, कारण मागची सीट हा त्याच्या काळजातला काटा होता.

पाच वर्षांपूर्वी त्याची बायको मैना पहिल्या बाळंतपणात अडली. त्याचं गाव भिवंडी-वाडा रोडवर, अंबाडीच्या अलीकडे, फाट्यापासून आत अर्धा मैल. गावात एकच जीप, केसरीनाथाची. हिरामण मध्यरात्री त्याच्या दारात उभा राहिला, पाया पडला. केसरीनाथ ओटीवर पान खात बसला होता. म्हणाला, "जीपमंदी तेल न्हाय." सकाळी त्याच जीपमधून तो लग्नाला गेला! मैना बैलगाडीतून भिवंडीला निघाली आणि वाटेतल्या शेलार गावापर्यंत पोचली. तिथं गेली. पोटातल्या बाळासकट.

आणि एवढ्यावर भागलं नाही. पोटुशी बाई मेली की ती परत येते, असं आपल्याकडे मानतात. म्हणून प्रेत जाळून परतताना वाटेवर मोहरी टाकतात. तिने एकेक दाणा वेचल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही, आणि वेचता वेचता उजाडतं. मैनेच्या वेळी फाट्यापासून घरापर्यंत मोहरी कोणी टाकली? केसरीनाथाने. स्वतःच्या हाताने, मूठ मूठ. वर हिरामणाच्या उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकला. जिवंतपणी जायला गाडी दिली नाही आणि मेल्यावर यायची वाट बंद केली. असल्या माणसाला गाव पुढारी म्हणतं, आणि गावाला मी काय म्हणतो ते आत्ता तुमच्यासमोर बोलत नाही.

हिरामणाने दोन वर्षं डबल शिफ्ट मारली आणि राजदूत आणली. गाडी शिकताना चारदा पडला, गुडघे फुटले. लोक हसले, बायको गेल्यावर गाडी आणली म्हणाले. पण पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढ्यासाठी त्याने ती घेतली होती. रोज पहाटे केसरीनाथाच्या ओटीसमोर नेऊन किक मारायचा आणि त्याची झोपमोड होईपर्यंत रेस करायचा. मागच्या सीटवर मात्र त्याने कुणाला बसू दिलं नाही.

एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. रात्री घरी येताना शेलार सोडलं की गाडी जराशी जड व्हायची. गावच्या फाट्यावर वळलं की हलकी. त्याने दोनदा कार्बोरेटर साफ केला, टायर बदलला. तरी जड व्हायची ती व्हायचीच.

तर त्या शनिवारी, रात्री सव्वा वाजता, दार वाजलं. बाहेर कंदील घेऊन केसरीनाथ उभा. डोक्याला टोपी नाही.

"हिरामण, चंद्रा अडलीय. सांजपास्न कळा देते. राहीबाई सुईण म्हणते, माज्या हातात कायबी न्हाय, भिवंडीला न्या." त्याने कंदील उंबऱ्यावर टेकवला. "अनंता जीप घेऊन ठान्याला गेलाय."

चंद्रा म्हणजे त्याची सून, अनंताची बायको. दोन वर्षांपूर्वी मुरबाडकडून लग्न होऊन आलेली, वीस वर्षांची पोर. तिने मैनेला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

हिरामणाने पाच वर्षं हे वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. तो म्हणाला, "गाडीमंदी तेल न्हाय."

केसरीनाथाने वर पाहिलं. ओळखलं त्याने ते. तो वळला आणि गेला.

थोड्या वेळाने बैल जुंपल्याचा आवाज आला. घुंगरं वाजली. हिरामण अंथरुणावर बसून ऐकत होता. त्याला वाटलं होतं, आता गार वाटेल. वाटलं नाही. मग ती पोर कण्हली, अगदी मैना कण्हली होती तशी, आणि हिरामण स्वतःवरच असा भडकला की दाराला लाथ घालून बाहेर पडला. गाडी नेऊन त्याने बैलांच्या पुढ्यात आडवी घातली.

"तुज्यासाठी न्हाय, म्हाताऱ्या," तो म्हणाला. "तिच्यासाठी. बसवा तिला."

मागून धरायला कुणीतरी हवं होतं. राहीबाई गाडीवर चढायला तयार होईना. शेवटी केसरीनाथाने आपलं उपरणं सोडून चंद्राला हिरामणाच्या कमरेशी बांधलं. घाईघाईत गाठ सैल पडली.

गाडी निघाली. फाट्यावर आली.

आणि जड झाली.

आजवर इथं हलकी व्हायची. आज जड झाली. मागची स्प्रिंग करकरली. हिरामणाने मागं पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं नाही त्याला.

"दादा," चंद्रा म्हणाली, "मागं कोन बसलंय?"

"कोन न्हाय. घट्ट धर."

रस्ता काळाकुट्ट. एक माणूस नाही, एक ट्रक नाही. शेलार जवळ आलं. जिथं बैलगाडी थांबली होती, ते वळण. तिथं चंद्राची शुद्ध हरपली. तिचे हात सुटले. उपरणं सुटलं. ती डावीकडे कलंडली... हिरामणाचे दोन्ही हात हँडलवर. ती घसरतेय हे त्याला कळलं. आता पडणार...

पडली नाही.

कुणीतरी तिला ओढून सरळ केलं. आणि हिरामणाच्या कमरेला, दोन्ही बाजूंनी, हात पडले. चंद्राचे नव्हेत. चंद्रा तापाने फणफणली होती.

ते हात गार होते.

पुलावरून गाडी गेली. नाका गेला. दवाखान्याच्या दिव्याखाली त्याने ब्रेक मारला. वॉर्डबॉयने चंद्राला उतरवलं, स्ट्रेचरवर घातलं. तिने डोळे उघडले, हिरामणाकडे पाहिलं.

"त्या आक्काला म्हनावं, हात सोड आता. लय गार हाय."

मागे रिकामी सीट.

पहाटे चारला चंद्रा बाळंत झाली. मुलगी. दोघी वाचल्या. हिरामण बाहेर बाकड्यावर बसून ढसाढसा रडला, आणि रडूसुद्धा रागाचंच होतं. दवाखान्याची वाट अर्ध्या तासाची होती. अर्ध्या तासाची! एका माणसाने जीपची किल्ली दिली असती, तर त्याचं मूल आज पाच वर्षांचं असतं.

मग तो घरी निघाला. शेलार सोडलं. गाडी जड झाली. त्याला सवयीचं होतं ते.

फाटा आला. तो वळला.

गाडी हलकी झाली नाही.

केसरीनाथाच्या घरावरून गेली. जडच. विहिरीवरून गेली. जडच. दारात येऊन त्याने स्टँड लावला. मान वळवली नाही. मागे स्प्रिंग करकरली आणि वर आली... उतरल्यावर येते तशी.

हिरामणाने टूलबॉक्समधली पक्कड काढली, उंबऱ्यातला खिळा उपटला आणि गटारात फेकला. दार सताड उघडं ठेवून तो भिंतीला टेकून बसला. केव्हा डोळा लागला, त्याला कळलं नाही.

उजाडल्यावर बाहेर आला. नव्या रेक्झिनवर, डाव्या बाजूला, ओंजळभर मोहरी होती. जुनी, काळवंडलेली, मातीने माखलेली. नीट ढीग करून ठेवलेली. वाकून त्याने गाडीखाली पाहिलं, अंगणात पाहिलं, पार फाट्यापर्यंत चालत गेला.

वाटेवर एक दाणा उरला नव्हता.