सत्तावीस नंबरची आई

"थांबा काका! चाकू लावू नका!" ओरडतच रिस्तेननं कुंपणावरून आत उडी मारली.

योव्नाकाकांच्या हातात रेनडिअरचं पाडस धडपडत होतं. गळ्यात सत्तावीस नंबरची पाटी. एकदा कानावर काकांची खूण कापली, की ते जन्मभर काकांचंच!

"का गं? कुठलं पाडस कुणाचं ते कळावं म्हणून पाट्या बांधून सोडल्यावर सत्तावीस माझ्याच मादीमागे गेलं. मी स्वतः पाहिलंय!"

"मग माझी पांढरनाकी तुमच्याभोवती घिरट्या का घालतेय?"

पांढरनाकी रिस्तेनची एकुलती एक मादी, आणि यंदा ती पहिल्यांदाच व्यायली होती. रिस्तेनला रडूच यायला लागलं.

मध्यरात्र उलटली होती आणि ऊन लख्ख पडलं होतं; उत्तर ध्रुवाजवळचा उन्हाळा तो! दिवसा पाडसं उकाड्यानं धापा टाकतात, म्हणून हे काम रात्रीच चालायचं. सूर्यच झोपत नाही म्हटल्यावर सुट्टीतली पोरं कशाला झोपतील!

"काका, तुम्ही बसला होतात कुठे?" मामेभाऊ आन्तेनं विचारलं.

"त्या दगडावर. एवढ्या उजेडात मला दिसणार नाही होय?"

रिस्तेन दगडावर जाऊन बसली मात्र, तिचे डोळेच दिपले. उत्तरेचा सूर्य टेकडीला टेकून थेट समोर! सगळा कळप नुसता काळा दिसत होता. ती धावत आली आणि आन्ते आणि त्याची बहीण बिरेत यांच्या कानात कुजबुजली.

"काका, बसा दगडावर. ही दोघं समोरून जातील. बरोबर ओळखलंत, तर पाडस तुमचं!"

"हात्तिच्या! एवढंच?" पाडस कुंपणाशी उभ्या असलेल्या आजोबांकडे देऊन काका बसले. उन्हातून दोन काळ्या आकृत्या समोरून जाऊ लागल्या. "हा पुढचा आन्ते! त्याची गोंड्याची टोपी मी कुठेही ओळखेन."

पुढच्यानं टोपी काढली. दोन वेण्या खाली लोंबल्या!

"मी बिरेत!"

सगळे खो खो हसले. आजोबांनी पाडस सोडलं. ते धूम पळत पांढरनाकीकडे गेलं आणि दूध प्यायला लागलं.

"शाबास पोरी!" आजोबा म्हणाले. "आम्ही म्हातारे उजेड आहे म्हणून बेफिकीर. उजेड कुठून येतोय, ते तू पाहिलंस. घे चाकू, खूण तूच कर."

रिस्तेननं हरखून, पण जपूनच चाकू हातात घेतला. काकांनी ओशाळं हसत पाडसाला पुन्हा उचललं आणि तिच्यासमोर गुडघे टेकले.

"घाबरू नकोस," ते म्हणाले, "तुझं पाडस मी घट्ट धरलंय."