चार पाइपांखालची ओल

शिवारातली विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली, तेव्हा तिथं एकटा प्रमोद होता. बाकी सगळं गाव नरसीला साखरपुड्याला गेलेलं.

चोरून वीज घ्यायला तारेवर आकडा टाकताना पोरानं डीपी उडवली, असं ठरवून गावानं त्याला शाळेच्या ओट्यावर बसवून ठेवलं. गोरेगावहून पोलिसांची जीप निघाली होती. पुढच्या आठवड्यात प्रमोदची पोलीस भरती. नावावर गुन्हा लागला की संपलंच.

"ज्योतीताई, लेकरू भरतीसाठी पळायला गेलतं हो," त्याची आई जनकाबाई म्हणाली. "आमाला ना शेत, ना मोटार. आकडा टाकून करंल काय?"

ज्योती गावची पोलीस पाटील. तान्ह्या सृष्टीला कडेवर घेऊन ती शिवारात गेली. डीपीखाली वायरचा तुकडाही नव्हता. डीपीवर चार शेतांच्या पाण्याच्या चार मोटारी. प्रत्येकीला ऑटोचा खटका. तो वर असला की लाइट येताच मोटार आपोआप सुरू. चारही एकदम उठल्या तर डीपीला सोसत नाही, म्हणून खटके खाली ठेवायचे आणि मोटारी पाळीनं लावायच्या, असं गावानं ठरवलेलं.

चारही खटके खाली होते.

ज्योती मोटारीच्या पाइपाशी बसली, तशी सृष्टीनं वाकून त्याच्या तोंडाखाली बोटं घातली. चिखल! ज्योतीनं ती इवली बोटं पदरानं पुसली. मग उरलेली तिन्ही शेतं पाहिली. सगळीकडं पाइपाखाली तेवढी ओल, बाकी रान कोरडं.

ओट्यावर येऊन तिनं विचारलं, "रामकिशनकाका, लाइट आली तवा कुठं होता?"

"पंगतीत. तूच तर वाढून राहिली होतीस."

"खटका?"

"खाली."

"मग पाइपाखाली ओल काहून?"

"सृष्टीनं सू केली असंल!"

ओटा हसला.

"चारी शेतांत?"

हसू विरलं.

"मोटार चालू व्हायला शिवारात कुणी लागतच नव्हतं," ज्योती म्हणाली. "खटके वर ठेवून गेलात, जळाल्याचं कळल्यावर खाली केलेत. परत्येकाचा हिशोब एकच. दुसऱ्यांचे खाली असले, तर पयलं पाणी मला. वर असले, तर डीपी जाणारच, मग जाईस्तोवर मिळंल तेवढं तरी घ्यावं. दुसरा काहीबी करो, आपला वर असलेला बरा. चौघांचा हिशोब बराबर निघाला, अन् चौघांची पिकं उन्हात पडली."

"चौथा कोण, ते बी सांग की!" दुसऱ्या मोटारीचा मालक जळबा खोचून म्हणाला.

ज्योतीनं नवऱ्याकडं पाहिलं. शिवशंकरनं मान खाली घातली.

"सृष्टीचे पप्पा, तुमी तरी बोला. चौघं बोललात तर पोरगं सुटंल."

"ते बोलले तर तो सुटतोच, मी काहून बोलू?" तो पुटपुटला. "अन् ते गप्प बसले, तर सगळं माझ्या एकट्याच्याच अंगावर."

तेवढ्यात जीप आली.

"साहेब, लिहून घ्या," ज्योती म्हणाली. "आमच्या मोटारीचा खटका वर होता."

"अजून कुणाचा?" हवालदारानं ओट्याकडं पाहिलं.

कुणी हललं नाही.

"एका मोटारीनं डीपी जळत नसती, पाटीलबाई." त्यानं जीपचं दार उघडलं.

प्रमोद उठला. आईच्या मुठीतून त्यानं हळूच सदरा सोडवला.