दुसऱ्या कॅमेऱ्याचा डोळा

बसा रे पोरांनो, अलीकडं सरकून बसा. ते मोबाइल जरा उलटे ठेवा, उजेड डोळ्यात शिरतो.

तुम्ही विचारलंत, बाळापूरच्या स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या बुद्धभूषणचा आधी चांगला चालता फोटोस्टुडिओ होता, तो त्यानं काहून बंद केला. सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली त्याच्याच तोंडून निघालेली आहे, आणि तीही एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं की तो उठून जातो.

बुद्धभूषण तेव्हा तिशीचा होता. आखाडा बाळापुरात त्याचं दहा बाय बाराचं दुकान होतं आणि दुकानात एक डिजिटल कॅमेरा. दोन हजार तीन साली रोलचे दोन कॅमेरे विकून त्यानं तो घेतला. फोटो काढला की लगेच मागच्या काचेत दिसतो, हे बघायलाच लोक गर्दी करायचे. पाच वर्षं कॅमेरा बिनतक्रार चालला. मग दोन हजार आठच्या उन्हाळ्यात त्यानं दगा दिला. फोटोत आडव्या पट्ट्या यायला लागल्या, जांभळ्या. नवरीचं कपाळ दिसायचं, मग पट्टा, मग हनुवटी. एका बारशाचे सगळेच्या सगळे फोटो वाया गेले आणि लेकराची आजी दुकानात येऊन अर्धा तास भांडून गेली.

तेव्हा नऊ मेला, शुक्रवारी सकाळच्या गाडीनं तो नांदेडला गेला. तिथं गुलाबचंद म्हणून एक म्हातारा कारागीर जुने कॅमेरे दुरुस्त करायचा. त्यानं कॅमेरा उघडला, भिंग लावून आत पाहिलं आणि मान हलवली.

"इसका सेन्सर गया, भाई. सेन्सर म्हंजे कॅमेऱ्याचा डोळा. धूप और नमी में अंदर का जोड़ छूट जाता है, फिर चित्र में पट्टे येतात. नवा मिळत नाही आता. पुराना है एक मेरे पास, इसी मॉडल का."

"कोणाचा हाय?"

"हिंगोलीकडच्या गोरेगावचे एक हरिचंद होते. पोलिसांसाठी फोटो काढायचे. कोण विहिरीत पडलं, कोण फाशी घेतली, कोण गाडीखाली आलं... पंचनाम्याला बोलवायचे त्यांना. गुजर गये. घरवाल्यांनी कॅमेरा भंगारात दिला, मी उचलला. पाच साल उस आदमी ने इसमें जिंदा इन्सान का एक फोटो नहीं निकाला."

असं म्हणून गुलाबचंद हसला. बुद्धभूषणला हसू आलं नाही. पण ऐन लग्नसराई होती. "बसवा," म्हणाला.

सेन्सर बसला. गुलाबचंदनं समोरच्या घड्याळाचा फोटो काढला, टेबलफॅनचा काढला. दोन्ही स्वच्छ, एक रेघ नाही. बुद्धभूषण खुशीत परत निघाला.

दिवेलागणीला तो बाळापुरात उतरला, तर त्याच्या दुकानाच्या पायरीशी मोटारसायकल लावून ग्यानबा उभा. डोंगरकडा गावाच्या अलीकडं आणखी एक गाव आहे, नाव सांगत नाही, त्याची माणसं अजून तिथं नांदतात. त्या गावातला हा मोठा शेतकरी. बुद्धभूषणनं त्याच्या घरची दोन लग्नं काढली होती, पण ओसरीच्या आत त्याला कधी कोणी घेतलं नव्हतं. चहासुद्धा कागदी कपात, बाहेरच.

"चल बरं पटकन. मायचा फोटो काढायचा हाय," ग्यानबा म्हणाला.

"जिवनबाईंचा? बऱ्या हायेत ना?"

"बरी हाय. जरा थकली. कागदाला फोटो पाहिजे. माय जमीन माझ्या नावानं करून देऊन राहिली, तर ती शुद्धीत होती, तिनं खुशीनं अंगठा दिला, ह्याचा पुरावा नको का?"

बुद्धभूषणच्या मनात पाल चुकचुकली. जिवनबाईची लेक शालूबाई बाळापुरातच दिलेली होती. पंधराच दिवसांपूर्वी ती दुकानात येऊन बसली होती आणि रडली होती. "मायनं नदीकाठचं तीन एकर मला देतो म्हणलं, तवापसून भाऊ मला घरात घेईना. तिचा एखादा जुना फोटो असंल तर काढून दे रं, भेट तर होईना," म्हणाली होती. बुद्धभूषणला हे सगळं आठवलं. पण मोठ्या माणसाला दारातून परत कसं लावायचं? तो मागं बसला.

पोहोचले तेव्हा पावणेआठ झाले होते. गावात लाइट नव्हती, सहा ते दहा भारनियमन. चवथीची बारीक चंद्रकोर होती, तिचा काय उजेड पडणार. ग्यानबानं त्याला ओसरीवर थांबवलं नाही. थेट माजघरात नेलं.

दार उघडलं तसा वासाचा लोंढा अंगावर आला. अत्तर, उदबत्ती, कापूर, अंगाला लावायची पावडर, सगळं एकत्र. आणि त्याच्या खाली आणखी एक वास. गोडसर. नासलेल्या दुधात गूळ पडावा तसा. बुद्धभूषणनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली, तर तो वास जिभेवर बसला.

खिडक्या बंद होत्या. चार्जिंगच्या दिव्याचा पांढरा उजेड होता. बाजेवर भिंतीला टेकवून जिवनबाईला बसवलं होतं, दोन्ही बाजूंनी लोड लावून. नवं लुगडं, डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर पावडरीचा थर. डोळे मिटलेले. उजवा हात उताणा मांडीवर. बाजेखाली पोती अंथरलेली होती आणि फरशीवर पाणी पसरलं होतं. ग्यानबाची बायको कोपऱ्यात पदर नाकाला लावून उभी होती. तिनं आतून कडी घातली.

"लई गरम होऊन राहिलं, दार काहून लावलं?" बुद्धभूषणनं विचारलं.

"मच्छर येतात," ती म्हणाली.

ग्यानबा आईला खेटून बसला. बुद्धभूषणनं फोटो घेतला. फ्लॅश पडला. त्यानं मागच्या काचेत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पट्ट्या परत आल्या होत्या! ग्यानबाच्या तोंडावरून, छातीवरून, हातांवरून जांभळ्या पट्ट्या. सकाळची सगळी मेहनत पाण्यात. मग त्यानं नीट पाहिलं. पट्ट्या ग्यानबापुरत्याच होत्या. म्हातारीच्या पदराशी येऊन तुटत होत्या. म्हातारी स्वच्छ आली होती. पदराचा धागा न् धागा मोजावा इतकी स्वच्छ.

"झाला?" ग्यानबानं विचारलं.

"न्हाई. एक अजून घेतो."

"थांब. पाणी पिऊन राहिली असा घे. जिती वाट... बरी वाटली पाहिजे."

बायकोनं पेला म्हातारीच्या ओठांना लावला. पाणी ओठांवरून हनुवटीवर आलं, हनुवटीवरून गळ्यात. गळा हलला नाही.

दुसरा फोटो. बायकोचा हात पट्ट्यांनी भरलेला. ज्या ओठाला पेला टेकला होता, तिथं पट्ट्या संपलेल्या. ओठ स्वच्छ. हनुवटीवरचा पाण्याचा थेंब स्वच्छ.

आणि मग त्याला गुलाबचंदचं वाक्य आठवलं. पाच साल... जिंदा इन्सान का एक फोटो नहीं...

त्याच्या पायाला गार लागत होतं. त्यानं खाली पाहिलं. पोत्याचा कोपरा सरकला होता. आत लाकडाचा भुसा, आणि भुशात बर्फाची लादी. वितळत आलेली. बाजेच्या पायावरून काळ्या मुंग्यांची रांग वर चढत होती. लुगड्यावरून. खांद्यावरून. कानात जात होती... आणि बाहेर येत नव्हती.

"आजी..." तो म्हणाला.

तो बाजेकडं वाकला.

"आजी, ओ..."

"झोप लागली तिला," ग्यानबा म्हणाला.

"भाऊ, ह्या..."

"समजलं ना तुला? मग आता उगी बोलू नको. काल रातच्याला गेली. एक दिवस पुढं, एक दिवस मागं, त्यानं कोणाचं काय बिघडतं? एकच फोटो पाहिजे. डोळे उघडे पाहिजेत." असं म्हणून त्या माणसानं आपल्या बोटांनी आपल्या आईच्या पापण्या वर सारल्या. भाजी निवडावी तितक्या सहज. एक पापणी परत खाली आली. त्यानं तिला थुंकी लावली.

बुद्धभूषण मागं सरकला. मेलेल्या म्हातारीची त्याला किळस आली नव्हती, पोरांनो. आयुष्यभर राबलेलं ते अंग होतं. किळस आली ती त्या थुंकीची.

"मी न्हाई काढत."

"कडी लागेल हाय," ग्यानबा म्हणाला. "अन् गावात तुला कोणी येताना पाह्यलं न्हाई."

बुद्धभूषण मला म्हणाला, तेव्हा मी भ्यालो. म्हणाला, मी बटन दाबलं. आधीचे दोन न समजून दाबले होते. तिसरं समजून दाबलं.

फ्लॅश पडला.

त्यानं काचेत पाहिलं. ग्यानबा दिसतच नव्हता, नुसत्या पट्ट्या. मधोमध म्हातारी. डोळे उघडे. पण ते डोळे भिंतीकडे नव्हते, जसे ग्यानबानं ठेवले होते. ते कॅमेऱ्याकडे होते. त्याच्याकडे.

आणि फोटोतला हात... फोटोतल्या हाताची मूठ आवळलेली होती.

त्यानं मान वर केली. बाजेवर हात उताणाच होता. मोकळा. बोटं पसरलेली.

परत काचेत पाहिलं. मूठ.

"झालं का?" ग्यानबा म्हणाला. "आता अंगठा." बायकोनं शाईचं पॅड दिलं, स्टँपचा कागद दिला. ग्यानबानं आईचा हात धरला. अंगठा पॅडवर टेकवायला गेला...

बोटं मिटली.

हळू. एकेक करून. अंगठा आत घेऊन.

ग्यानबाची बायको भिंतीला चिकटली. दिवा तसाच जळत होता.

"आखडला असंल," ग्यानबा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मुडद्याचं होते असं." तो मूठ उघडायला लागला. उघडेना. नखं घातली. मनगटावरचं ओलं कातडं सरकलं, मोज्यासारखं. मूठ तशीच. "सांडशी आण," तो बायकोला म्हणाला.

तिनं आणली. बुद्धभूषण तिथंच ओकला.

सांडशीनं एक बोट वर आलं. कडकन वाजलं. त्या फटीत ग्यानबानं आपली दोन बोटं घातली, अंगठा बाहेर ओढायला...

मूठ परत मिटली. त्याच्या बोटांवर.

त्यानं ओढलं. सुटेना. पाय बाजेला लावून ओढलं. अख्खी म्हातारी त्याच्याकडं कलली. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर येऊन टेकलं... गालाला गाल.

बायकोनं कडी काढली आणि पळाली. तिच्या मागं बुद्धभूषण. कॅमेरा कुठं पडला, त्याला कळलं नाही.

डांबरीवर वाहन नव्हतं. तो चालत राहिला, मधे दोनदा रस्त्याच्या कडेला बसून ओकला. बाळापुरात शालूबाईचं दार वाजवलं आणि उंबऱ्यातच खाली बसला. सगळं सांगितलं. तिसरा फोटोही सांगितला, लपवला नाही. तिनं नवऱ्याला उठवलं, आणि पहाटेची दुधाची जीप निघाली तिच्यात ती दोघं, बुद्धभूषण आणि शेजारचे चौघं बसून गेले.

उजाडलं होतं. माजघराचं दार सताड उघडं. बर्फ पार वितळला होता, आणि पाणी उंबऱ्याबाहेर आलं होतं. दिव्याचं चार्जिंग संपलं होतं. ग्यानबा रात्रभर तिथंच होता. त्यानं हाक मारली नव्हती. कशी मारणार? लोक आले असते तर काय बघितलं असतं? आईचं डोकं खांद्यावर, आईच्या मुठीत बोटं, आणि पुढ्यात कोरा स्टँपचा कागद. मुंग्या आता त्याच्या मानेवरून चालत होत्या. तो झटकत नव्हता.

शालूबाईनं भावाकडं पाहिलंसुद्धा नाही. ती आईजवळ बसली. पदराच्या ओल्या टोकानं तिच्या तोंडावरची पावडर पुसली. खालचा सुरकुतलेला, सावळा चेहरा निघाला. मग तिनं त्या मुठीवर हात ठेवला.

"माय, सोड आता. मी आले."

मूठ उघडली.

ग्यानबाची दोन्ही बोटं काळीनिळी पडलेली होती. नंतर हिंगोलीला नेऊन ती कापावी लागली. कागदावर अंगठा उमटला नाही तो नाहीच. गावासमोर सगळं उघडं पडलं, ग्यानबानं पुढं तोंड वर काढलं नाही. ते तीन एकर आज शालूबाई कसते.

बुद्धभूषण कॅमेरा आणायला परत गेला नाही. कोणाला सापडला, कोणी ठेवून घेतला, देव जाणे. स्टुडिओची पाटी त्यानं त्याच आठवड्यात उतरवली.

आता तुम्ही लग्नाकार्यात बघा. पंगत बसते, सगळे हातानं जेवतात, बुद्धभूषण घरून चमचा आणतो. लोक हसतात त्याला, साहेब झाला म्हणतात. कधी त्याच्या शेजारी बसून त्याच्या उजव्या हाताकडं पाहा. ज्या बोटानं त्यानं ते तिसरं बटन दाबलं, ते बोट. साबणानं, राखेनं, लिंबानं घासून घासून पांढरं पडलेलं. वास घ्या, काही येत नाही. जखम नाही, डाग नाही.

पण हात स्थिर ठेवला की एक माशी येते. पंगतीत एवढं गोडधोड वाढलेलं असतं, त्याच्यावर बसत नाही. चार बोटं सोडते... आणि त्या एकाच बोटाच्या शेंड्यावर येऊन बसते.