बांधावरचे कुजके दगड

"अरे, सांभाळ! पायावर पाडशील!" विनी ओरडेपर्यंत फेबियनच्या हातून दगड निसटलाच. खाडीच्या नव्या बांधावर तो आपटला आणि त्याचे चक्क तीन तुकडे झाले!

"खेकडा पळाला!" फेबियन हळहळला.

"खेकडा जाऊ दे. हा दगड बघ," मालन म्हणाली. तुकड्यात पांढरे ठिपके होते. तिनं नख टोचलं, तर ते आत रुतलं आणि बोटाला पीठ लागलं.

अठ्ठ्याहत्तर सालची मे महिन्याची सुट्टी होती. वसईजवळच्या गास गावचा फेबियन आणि त्याची कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणारी बहीण विनी जूचंद्र गावात मालनच्या घरी राहायला आली होती. दोन्ही घरच्या वडिलांची वसईच्या बाजारातली जुनी मैत्री.

"ताई, दगड असा मऊ कसा?" मालननं विचारलं.

विनीनं तुकडा उन्हात धरला. "हे ठिपके फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे. ताजं असताना ते चमकतं, नखाला दाद देत नाही. पण पावसाचं पाणी हवेतून, मातीतून जाताना किंचित आंबट होतं. ते हजारो वर्षं भेगांत झिरपतं आणि फेल्डस्पारमधले क्षार वाहून नेतं. मागे उरते चिकणमाती!"

"पण दिसतो तर दगडच!"

"आकार तोच राहतो. फसायला होतं ते म्हणूनच."

मालननं मान वळवून पाहिलं. बांधापलीकडे गावाची भातखाचरं होती. उधाणात बांध फुटून खारं पाणी आत शिरलं, तर पुढची काही वर्षं तिथे दाणा पिकणार नव्हता. आणि या बांधावर देखरेख होती तिच्याच आज्याची, शंकरआजाची. त्याला सांगायचं कोणी?

"आधी हे दगड येतात ती खाण बघू," ती म्हणाली.

डोंगरावर उलगडा झाला. खाणीच्या तळाशी काळा, टणक दगड होता. तो सुरुंगाशिवाय निघत नव्हता. वरचा पिवळट थर मात्र पहारीनं ढकलला की ढासळत होता. ट्रकमध्ये तोच भरला जात होता!

मुकादम हरिश्चंद्र सावलीत डबा उघडत होता. हा दगड पाण्यात टिकणार नाही, हे मुलांचं बोलणं ऐकून तो खो खो हसला. "दगड पाण्यात विरघळतो? साखर हाय का ती?"

"आज्यासमोर पाण्यात टाकून दाखवाल?" मालन म्हणाली. "दगड तुम्हीच निवडा. घाबरत नसाल तर!"

मजूर हसले. आता मुकादमाला माघार घेता येईना. "बोलाव तुझ्या आज्याला!"

फेबियन धावत जाऊन शंकरआजाला घेऊन आला. मुकादमानं ट्रकमधला दणकट दिसणारा दगड स्वतः उचलून बादलीभर पाण्यात टाकला. मालननं दुसऱ्या बादलीत तळाचा काळा दगड ठेवला.

"तुमचं जेवण होईपर्यंत थांबू," ती म्हणाली. मग बादलीपाशीच उकिडवी बसली. दगड फुटलाच नाही तर?

मुकादमाची पहिली भाकरी संपली. बादलीतून बुडबुडे आले. दुसरी संपता संपता दगडाच्या कडा गळू लागल्या, पाणी गढूळ झालं. हात धुवायला उठलेला मुकादम तसाच थबकला. शंकरआजानं बादलीत हात घातला आणि मूठभर चिखल वर काढला. दुसऱ्या बादलीतला काळा दगड होता तसाच होता.

"हरिश्चंद्रा, ह्यो बांध पानी आडवनार?" आजा शांतपणे म्हणाला.

"लवकर निघायचा, म्हणून वरचाच काढला..." मुकादमाची मान खाली गेली. "तपासला नाय."

"मीबी नाय तपासला," आजा म्हणाला. "उद्यापासून तळाचा दगड."

सुरुंग धडाडू लागले. कुजके दगड उपसले गेले, त्यांच्या जागी काळे बसले. शेवटची रांग लागली आणि अमावास्येचं उधाण आलं. भर दुपारी सारं गाव काठावर उभं राहिलं. पाणी चढलं, बांधाच्या माथ्याला चाटून गेलं, तिथेच घुटमळलं... आणि उतरू लागलं!

"हटलं! पाणी हटलं!" फेबियन नाचू लागला.

शंकरआजानं तिघांना पुढे बोलावलं. "गावाचं भात या पोरांनी राखलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "औंदा पेरनीची पयली मूठ यांची!"

मालननं माथ्यावरच्या ओल्या काळ्या दगडावर हात ठेवला. ती हिरव्या पाण्याकडे बघत हसत राहिली.